परत आलेली यादी ठेवायची कुठे?

मी शिकले सातवीपर्यंत. कॉम्प्युटर शिकले तो नणंदेकडून, तोही चाळिशी उलटल्यावर. खरं सांगते, लग्नात हुरळले नसेन एवढी त्या माऊसवर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा हुरळले होते.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. नणंद रोह्याला, तिथल्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. कंपनीने जुनी मशिनं काढली तेव्हा तिने त्यातलं एक आमच्या मधल्या खोलीत आणून बसवलं आणि ऑर्डरींची यादी ठेवायला एक छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहून दिला.

आमच्याकडे रीत अशी, की गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट आणून देतं आणि त्याच पाटावर त्याचा गणपती बसवायचा. पाट आला की त्याच्या मागे खडूने नंबर घालायचा, तोच नंबर मूर्तीच्या पाठीवर पेन्सिलीने. गणपती कुणाच्या घरचा, पितांबर कुठल्या रंगाचा, शेला कसा, हे सगळं पूर्वी वहीत असायचं. त्या वर्षी मी जाहीर करून टाकलं, "वही बंद. आता सगळं मशिनीत."

नवरा म्हणाला, "आन् मशीन बिघडली म्हंजे?"

"तुमची वही नाय भिजत कधी?"

एका रविवारी सकाळी लाईट गेली आणि परत आली ती अशी दणक्यात, की मशीन काळंठिक्कर. दुरुस्तीवाल्याने आतली डिस्क बदलली, नणंदेने दिलेल्या फ्लॉपीवरून प्रोग्रॅम पुन्हा टाकून दिला, पण यादी कोरी! दोनशे शहाऐंशी पाट मांडणीवर, आणि कुठला कुणाचा ते सांगायला कागदाचा चिटोरा नाही. नवऱ्याने मशीनकडे बघितलं आणि बाहेर गेला.

एकच आधार होता. नणंद दर शनिवारी माहेरी यायची, तेव्हा यादीची आणि मशिनीतल्या बाकी फायलींची नक्कल, म्हणजे बॅकअप, आम्ही तीन फ्लॉप्यांवर घ्यायचो आणि त्या ती रोह्याला घेऊन जायची. आमच्याकडे जिथे तिथे शाडूची धूळ ना! आदल्या संध्याकाळचाच बॅकअप तिच्याकडे होता. पण पुढच्या शनिवारी तिची शिफ्ट लागली. ती आली ती त्याच्याही पुढच्या आठवड्यात, रविवारी. तोवर दारात माणसं नवे पाट घेऊन उभी. त्यांना काय थांबा म्हणू? मी त्या कोऱ्या यादीत भरायला सुरुवात केली. मशीन देईल तो नंबर पाटावर घालायचा. असे एक्केचाळीस पाट घेतले.

आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी रंगवणारे येणार होते. त्यांच्या हाती यादी दिली नाही तर कुठल्या गणपतीला काय रंगवतील?

नणंद सकाळच्या गाडीने आली. मी म्हटलं, "वन्सं, चहा घ्या आधी."

"चहा इथंच आण गो," म्हणत तिने फ्लॉपी घातलीसुद्धा.

मशीनने विचारलं, परत आणलेलं कुठे ठेवू? मूळ जागी, की दुसरीकडे? मी म्हटलं, "मूळ जागी!" आमच्या कारखान्यात शिस्तच ती. साचा असो, ब्रश असो, काम झालं की जिथला तिथे. मग दुसरा प्रश्न आला. तिथे त्याच नावाची फाईल असली तर? कधीच बदलू नको, इथली जुनी असेल तरच बदल, किंवा काहीही असो, बदल. मला मधलं शहाणपणाचं वाटलं. नणंदेच्या तोंडाला कप होता, तेवढ्यात मी दाबून मोकळी झाले.

तीन फ्लॉप्या घरघरल्या. शेवटी मशीन म्हणालं, सगळं आणलं, एक फाईल सोडली.

यादी उघडली, तर एक्केचाळीसच नावं.

"सोडली ती यादीचीच गो!" नणंद म्हणाली. "तुझी इथली यादी कालची, बॅकअपमधली पंधरा दिवसांपूर्वीची. इथली जुनी असेल तरच बदल म्हणालीस ना? त्याने तुझं ऐकलं."

नवरा दारात येऊन उभा. "झालं?"

"व्हतंय. तू उभा राहून काय लवकर नाय व्हणार, दादा. जा."

मी म्हटलं, काहीही असो बदल, तेच करते आता. बोट पुढे केलं, तर नणंदेने मनगटच धरलं. "अगो, मग हे नवे एक्केचाळीस जातील! आणि थांब, ह्यांना नंबर काय घातलेस?"

"मशीन देईल ते."

"कोरी यादी म्हणजे एकपासून?"

मी मांडणीकडे धावले. सात नंबरचे पाट दोन! आठ दोन! नव्या सातावर कासू गावातल्या घरचा, जांभळा शेला, एवढं ठाऊक होतं. जुना सात कुणाचा, देव जाणे.

तिथेच पडवीकडे नजर गेली. कुणी पाट ठेवून गेलं आणि मालक पक्का नसला, तर आम्ही तो मांडणीवर लावत नाही. पडवीत वेगळा ठेवतो, विचारपूस होईपर्यंत. मी ओरडतच आत आले. "वन्सं, दुसरीकडे ठेवता येतं म्हणतं ना ते? मग पडवीत ठेवा!"

"मशिनीत पडवी कुठाय, वहिनी?"

"नसेल तर बांधा की!"

हसत हसत तिने नवा फोल्डर केला, इंग्रजी अक्षरांत नाव घातलं पडवी. मूळ जागेला हात न लावता बॅकअप तिकडे उतरवला. पुन्हा तीन फ्लॉप्या. माझी छाती त्यांच्याहून जोरात घरघरत होती. फाईल उघडली. दोनशे शहाऐंशी! नावं, गावं, पितांबर, शेले, एकूण एक! मी नणंदेला खुर्चीसकट मिठी मारली, चहा दोघींच्या अंगावर.

मग दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून तिने नवी नावं जुन्यांच्या खाली जोडली, दोनशे सत्त्याऐंशीपासून. मी खडू घेऊन, नवरा ओलं फडकं घेऊन. तो पुसतोय, मी लिहितेय, पाट आणि मूर्तींच्या पाठी दोन्ही.

"मशीन चुकली, आन् फडकं माझ्या हाती," तो पुटपुटला, पण हसला.

सोमवारी रंगवणाऱ्याने पहिली हाक मारली, "काकी, सात?"

"निडी! पितांबर पिवळा, शेला हिरवा!"

"दोनशे त्र्याण्णव?"

"कासू! शेला जांभळा!"

"हळू गो," नवरा म्हणाला, "स्टेशनापर्यंत आवाज जातोय."

जाऊ दे म्हटलं, आणि पुढच्या मूर्तीच्या पाठीवरचा नंबर दिसला तसं रंगवणाऱ्याने विचारायच्या आधीच गाव ओरडून सांगितलं.