दहापैकी आठ

मराठीच्या निबंधाला दहापैकी दहा मार्क देणारा शिक्षक मला दाखवा, मी त्याला घरी बोलावून सुरमई खाऊ घालीन. नसतोच तो. गणिताला शंभरपैकी शंभर देतात, कारण तिथे दोन अधिक दोन चारच होतात. निबंधाला दहा दिले म्हणजे याहून चांगलं लिहिताच येत नाही असं कबूल केल्यासारखं. परळच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. माझ्या लेखी पाच म्हणजे बरा, सहा म्हणजे हुशार. सात मी तीन-चार वर्षांतून एखाद्याला द्यायचे. आठ कोणालाच दिले नव्हते. मुलं मागे मला ‘कंजूस बाई’ म्हणायची, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

संघमित्राला मी सात दिले होते. दहावीच्या सहामाहीला ‘मी पाहिलेले भांडण’ असा विषय होता. बाकीच्यांनी क्रिकेटवरून झालेली भांडणं लिहिली. हिने चाळीतल्या नळावरचं लिहिलं, तिची आई बकुळा आणि शेजारीण यांच्यातलं, आणि असं लिहिलं की वाचणाऱ्याला दोघींचंही पटावं. मी खाली लाल शाईने शेरा मारला, ‘चांगले. ऱ्हस्व-दीर्घ पाहा.’ वर्गातले तेच सगळ्यात जास्त मार्क होते. ती पेपर घेऊन जागेवर गेली आणि तास संपेपर्यंत तिने तो मिटला नाही.

त्यानंतर पंधरा वर्षांनी ती मला भेटली ती गाड्यांच्या शोरूममध्ये.

आम्ही वरळीचे कोळी. माझी आई मासळी विकायची, मी शिकून मास्तरीण झाले, आणि माझा मुलगा निमेश आता कोळंबी परदेशी पाठवतो. धंदा बरा चाललाय. तर त्याच्या मनात आलं, इलेक्ट्रिक गाडी घ्यायची, भारीतली, आणि तीही आईच्या नावावर. “आयुष्यभर बसला लटकून शाळेत गेलीस, आता गाडीची मालकीण हो,” म्हणाला. कागदपत्रांवर नाव माझं लागलं, म्हणून फोन नंबरही माझाच दिला. तो नंबर पुढे काय करणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना!

शोरूम परळलाच, जिथे पूर्वी गिरणी होती तिथे. आत पाऊल टाकलं तर कोट घातलेली एक मुलगी पुढे आली, “वेलकम मॅम,” म्हणाली, आणि माझ्याकडे निरखून बघत हळूच म्हणाली, “बाई?”

“संघमित्रा! अगं, तू इथे काय करतेस?”

“गिऱ्हाइकांची तक्रार आली की ती मी बघते, बाई.”

मी आईची चौकशी केली. बकुळाचं खुब्याचं हाड झिजलं होतं, काठी घेऊन कशीबशी चालत होती. ऑपरेशन करायचं होतं. संघमित्रा इथे एक वर्षाच्या करारावर होती. मार्चमध्ये कायम झाली की कंपनीच्या विम्यात आईवडिलांनाही घेतात, म्हणजे बकुळाचं ऑपरेशन लगेच झालं असतं. “मार्चपर्यंत फक्त रेकॉर्ड क्लीन राहिलं पाहिजे, बाई,” ती म्हणाली. मला वाटलं रेकॉर्ड म्हणजे हजेरी वगैरे असेल.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मोठा सोहळा होता. गाडीवर लाल कापड, चाकांखाली लिंबं, नारळ, फोटो. फोटो होईपर्यंत मी थांबले आणि मग गाडीभोवती फिरले. मासा घेताना कल्ला उघडून बघायचा, विकणारीच्या गोड बोलण्याकडे बघायचं नाही, हे मला आईने शिकवलंय. बॉनेटची एक बाजू दबलेली आणि दुसरी बोटभर वर आलेली होती. मागच्या दारावर रंगाला फोड आला होता. मी ते दाखवलं तर तिथले मॅनेजर हितेंद्र हसून म्हणाले, “मॅम, हे स्पेसिफिकेशनमध्येच बसतं.”

“कोणाच्या?”

“कंपनीच्या.”

म्हणजे पेपर लिहिणाऱ्यानेच पेपर तपासायचा. निमेश मला कोपराने ढोसत होता, शुभ दिवशी कशाला म्हणून. मी किल्ली घेतली.

नाव मोठं, लक्षण खोटं. तिसऱ्याच आठवड्यात भर दुपारी शीवच्या हॉस्पिटलसमोर गाडी सिग्नलला थांबली ती थांबलीच. समोरचा मोठा पडदा काळा झाला. एसी बंद, काचा बंद, दारंही आतून उघडेनात. मागे अॅम्ब्युलन्स भोंगा वाजवत होती आणि लोक आम्हाला शिव्या घालत होते. दार आतून ओढून उघडायची एक कळ सीटखाली असते, हे आम्हाला फोनवर संघमित्राने सांगितलं. कंपनीच्या हेल्पलाइनवर तोवर गाणं वाजत होतं.

ती स्वतः आली, टॅक्सी करून. पाण्याच्या दोन बाटल्या आणि माझ्यासाठी छत्री घेऊन आली. गाडी उचलून नेणारं वाहन यायला दोन तास लागले, तेवढा वेळ ती उन्हात उभी होती आणि आमच्या वतीने हवालदाराची बोलणी खात होती. पुढे गाडी एकोणचाळीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली. कंपनीचं म्हणणं एकच, सॉफ्टवेअर अपडेट केलं, आता ठीक आहे. ठीक काही नव्हतं. दोनदा घरी आणली, दोनदा बंद पडली. शेवटी संघमित्रा मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाई, हे सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर काही नाहीये. पार्टच खराब आलाय. मी तसं रिपोर्टमध्ये लिहून टाकते.”

“साहेबांना चालेल?”

“नाही चालणार. पण लिहिलं की त्यांना बदलावाच लागेल.”

लिहिलं तिने, आणि पार्ट बदलून मिळाला. बॉनेटही सरळ झालं. रंगाचा फोड गेला. हितेंद्र मला हार घालायला पुढे आले तेव्हा ती मागे हातात किल्ली घेऊन उभी होती. साहेबांची पाठ वळल्यावर ती माझ्याजवळ आली. बोलताना तिची नजर जमिनीवर होती.

“बाई, तुम्हाला एक फोन येईल. मार्क विचारतील. जमलं तर... दहा द्या.”

मला राग आला. आज लिहितानाही तो राग कसा आला ते आठवतं, आणि स्वतःचीच लाज वाटते. एकतीस वर्षं वर्गात जे वाक्य म्हणत आले तेच तोंडातून निघालं. “संघमित्रा, मार्क मागायचे नसतात. मिळवायचे असतात.”

तिचा चेहरा दहावीतल्यासारखा झाला. “हो बाई. सॉरी,” म्हणाली.

दोन दिवसांनी दुपारी फोन आला. पलीकडची मुलगी हिंदीत बोलत होती. शून्य ते दहामध्ये तुमच्या अनुभवाला किती मार्क द्याल? मी म्हटलं, “बाळ, वेगवेगळे आकडे लिही. गाडीला दोन. कंपनीला शून्य. आणि त्या संघमित्राला...”

“मॅम, सिर्फ एक नंबर बताइए.”

“एकच कसा? पेपर तीन आहेत.”

“मॅम, एक ही नंबर होता है।”

मी रिसीव्हर धरावा तसा मोबाइल दोन्ही हातांनी धरून विचार करत बसले. पलीकडची मुलगी दोनदा ‘हॅलो’ म्हणाली. मनात म्हटलं, गाडीला बाजूला ठेवू, ह्या पोरीला मार्क देऊ. शीवचं ऊन आठवलं. रिपोर्ट आठवला. आणि मी म्हटलं, “आठ.”

फोन ठेवला तेव्हा मला चक्क रडू येत होतं. आठ! आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळी निमेश घरी आला तसं मी त्याला दारातच सांगितलं, “अरे, आज मी संघमित्राला आठ दिले.”

तो बूट काढता काढता थांबला. “आई, दहा नाही दिलेस?”

“दहा? निमेश, आठ दिलेत मी, आठ!”

“आई, आठ म्हणजे नापास गं. ह्या लोकांचं तसंच असतं. नऊ आणि दहा पास, त्याच्याखाली सगळं लाल. आठ काय आणि शून्य काय, सारखंच. आणि तो आकडा कंपनीच्या नावावर नाही चढत, त्या पोरीच्या नावावर चढतो.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल. फाशी द्यायला आपणच उभे असू असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधी मी दारात हजर होते. शाळेत मुलं पेपर पुन्हा तपासून घ्यायला यायची, आणि मी चुकले असेन तर मार्क वाढवून द्यायचे. माझी समजूत अशी की इथेही तसंच असणार. हितेंद्रनी मला आत बसवलं, कॉफी मागवली.

“माझे मार्क बदलायचेत,” मी म्हटलं.

“मॅम, सिस्टम लॉक होते. आमच्या हातात नाही.”

“मग मी लिहून देते.” रात्रभर बसून लिहिलेलं तीन पानी पत्र मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. मराठी होतं.

“मॅम, आठ आले म्हणून आम्ही कोणाला काढत नाही. तिचं कायम होणं सहा महिने पुढे जाईल, एवढंच.”

एवढंच! काठी टेकत सहा महिने, एवढंच! माझं डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की माझी जीभ सुटते. मी म्हटलं, “अहो, तिची काहीच चूक नाही. ती बिचारी मला सांगत होती, बाई दहा द्या म्हणून. मीच मूर्ख, मीच तिला रागावले!”

हितेंद्रनी कॉफीचा कप खाली ठेवला. “तिने तुमच्याकडे मार्क मागितले?”

त्यांच्या आवाजावरून मला कळलं की काहीतरी बिघडलं. पण वेळ गेली होती. मार्क मागणं हा त्यांच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. मागणार नाही म्हणून सह्या घेऊन ठेवतात म्हणे नोकरीला लागताना. मी खूप सारवासारव केली, मागितले नाहीत हो, नुसतं म्हणाली, वगैरे. त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली. माझं तीन पानी पत्र टेबलावरच राहिलं, त्यावर कॉफीचा कप होता.

रिपोर्टमध्ये तिने ‘पार्ट खराब’ असं लिहिलं होतं, ते त्यांना तेव्हापासून खुपत असणार. काढायला कारण हवं होतं, ते माझ्या तोंडून मिळालं. आठवड्याच्या आत तिला काढलं.

मी तिच्या चाळीत गेले. दुसऱ्या मजल्यावर तिची खोली, दार उघडंच होतं. बकुळा कॉटवर पाय लांब करून बसली होती. “जयभीम बाई, या, या,” म्हणत ती काठीसाठी चाचपडू लागली. मी म्हटलं, “उठू नका हो.” संघमित्रा आत चहा टाकत होती.

बकुळाला बोलायला कोणीतरी हवंच होतं. “बाई, तुमचा आकडा आला ना, त्या दिवशी पोरगी पेढे घेऊन आली घरी. मी म्हटलं, परमनंट झालीस काय गं? तर म्हणते, नाय, बाईंनी आठ दिले. त्या कोणालाच देत नाहीत. आख्ख्या मजल्यावर वाटले तिने.”

मला मान वर करता येईना. संघमित्रा कप घेऊन बाहेर आली. तिला ठाऊक होतं तर, त्या दिवशीच ठाऊक होतं, की आठ म्हणजे नापास. आणि तरी तिने पेढे वाटले होते.

“संघमित्रा, तू मार्क मागितलेस हे साहेबांना मीच सांगितलं गं. तुझी बाजू घ्यायला गेले होते.”

तिने कप माझ्या हातात दिला. “मला वाटलंच, बाई. तुम्ही कुठे काही लपवता.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी बकुळाच्या ऑपरेशनचं विचारलं. सरकारी हॉस्पिटलात नाव घातलंय, नंबर पुढच्या दिवाळीनंतर येईल म्हणाले. निमेशला सांगून मी काहीतरी करते, असं मी म्हणताच संघमित्रा एकदम म्हणाली, “नको बाई. ते नको.” चहा मी सगळा प्यायले, ऊन ऊनच, कारण तो तिने केला होता. जिन्यापर्यंत ती मला सोडायला आली, आणि “सांभाळून उतरा, पायऱ्या तुटल्यात,” म्हणाली.

गेल्या महिन्यात गाडीची सर्व्हिसिंग झाली. संघमित्राच्या जागी आता एक नवा माणूस आहे. त्याने गाडी द्यायला चार दिवस उशीर केला, फोन उचलले नाहीत, गाडी न पुसताच परत पाठवली. डिकीत त्यांच्या मेकॅनिकचा पाना राहिला होता, तो प्रत्येक वळणावर खडखडत होता. दोन दिवसांनी दुपारी फोन आला. तीच हिंदी, तोच प्रश्न. मी त्या माणसाला एकदाच पाहिलं होतं, त्याचं नावही मला नीट आठवेना. त्याच्याही घरी कोणी काठी टेकत चालत असेल की काय, मला कुठे ठाऊक!

“दहा,” मी म्हटलं.

“थँक यू मॅम,” पलीकडची मुलगी म्हणाली. आयुष्यात मी दहापैकी दहा दिले ते एवढे एकदाच, आणि ते त्याला दिले.