रविवारचा एसी

दादाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्याच्या अंगावर शाल होती. जूनमधला रविवार, बाहेर लू, अंग भाजणारा गरम वारा, वाहत होती... आणि लखनौतल्या आलमबागच्या त्याच्या घरात मी बसवून दिलेला एसी चालू होता. पायाशी पाण्याच्या बादलीत मलिहाबादचे दशहरी आंबे, प्यायला माठाचं पाणी, आणि खुर्चीत शाल पांघरून बसलेला माझा थोरला भाऊ. "सुध्या, शिमल्याला आणून बसवलंस की रे मला!" म्हणाला. त्याच आठवड्यात एका सकाळी वहिनींचा फोन आला. दादा झोपेतच गेला होता. रडता रडता मी स्वतःची समजूत घालत राहिलो, की निदान त्याचा हा उन्हाळा तरी मी सुखाचा केला. ती समजूत किती खरी होती, हे मला महिन्याभराने कळलं.

दादा रेल्वेत इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सांगली सोडून नोकरीसाठी लखनौला आला आणि इथलाच झाला. पुढे दोन हजार सालाच्या सुमाराला मीही इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झालो आणि सरोजिनी नगरात खोली घेतली. पहिल्याच थंडीत मी तक्रार केली, की पाणी तापवायचा नवा रॉड खराब निघाला, अर्ध्या तासानंही पाणी कोमटच. दादा स्कूटरवरून आला. खिशात त्याचं लाडकं क्लॅम्प मीटर, तारेला चिमट्यासारखं धरलं की करंट सांगणारं. आधी सॉकेटमधला व्होल्टेज बघितला, मग तार चिमट्यात धरली.

"व्होल्ट एकशे साठ, अँपिअर तीन. रेझिस्टन्स किती?"

"दादा, मी झाडं शिकलोय."

"झाडांच्या पीएचडीत भागाकार नसतो का? भाग."

"त्रेपन्न... ओहम."

"शाब्बास. आता गुणाकार कर. पॉवर?"

"चारशे ऐंशी वॅट."

"आणि रॉडवर छापलंय हजार. ते पूर्ण दोनशे तीस व्होल्ट मिळाले तर. व्होल्टेज कमी झाला की करंटही कमी होतो, दोन्हीकडून मार. म्हणून व्होल्टेज तिसऱ्या हिश्शानं उतरला तरी ताकद निम्मी होते." मग रॉडकडे बघून म्हणाला, "त्याला शिव्या देऊ नकोस. मिळतंय तेवढ्यात तो बिचारा करतोय."

उत्तर तो कधीच स्वतः सांगत नसे, माझ्याच तोंडून काढून घेई. माझ्या लग्नात मांडवातल्या हॅलोजनचे वॅट त्यानं भर पंगतीत माझ्या सासऱ्यांना मोजायला लावले होते. "भाऊजी, यांना आवरा," वहिनी म्हणायच्या, "व्याही आहेत ते, अप्रेंटिस नाहीत!"

दादा निवृत्त झाला, नंतर त्याचं हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलं. सरोजिनी नगर ते आलमबाग अंतर ते किती, पण मी जायचो फक्त रविवारी, तेही घड्याळाकडे बघत. वेळ देता येईना, म्हणून वस्तू दिली. न विचारता एसी घेतला, सोबत मोठा स्टॅबिलायझर. बसवून झाल्यावर दादानं सवयीनं मीटर काढलं. एसी बंद असताना आकडा बघितला, चालू करून बघितला, तार चिमट्यात धरली. ओठ हलले. मी प्रश्नाची वाट बघत होतो. त्यानं मीटर दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाला, "एकदम बढिया!"

तो गेल्यावर महिन्याभरानं, एका दुपारी मी वहिनींकडे गेलो. त्या कूलरसमोर घामाघूम बसल्या होत्या. "एसी असताना हे काय?" म्हणत मी बटण दाबलं. दिवा मंदावला. आत फ्रिज कण्हल्यासारखा घरघरू लागला.

वहिनी धावल्या. "अहो भाऊजी, आधी फ्रिज बंद करायचा असतो! दोन्ही एकदम लावले तर जळेल ना यार तो!"

"असतो म्हणजे?"

त्यांनी पदरानं घाम पुसला. मग म्हणाल्या, "तुम्ही यायचात त्या दिवशी आम्ही फ्रिज बंद ठेवायचो. दूध, भाजी सगळं शेजारी मिश्राभाभींकडे. त्या विचारायच्या, देवरजी आ रहे हैं क्या?"

माठाचं पाणी, बादलीतले आंबे... मला वाटत होतं, दादाला म्हातारपणी जुन्या चवी आठवू लागल्यात.

मी खिळ्यावरचं मीटर काढलं. फ्रिज बंद करून एसीशिवाय व्होल्टेज बघितला, दोनशे. एसी लावून बघितला, एकशे शहात्तर. करंट आठ. चोवीस व्होल्ट वाटेतच गळत होते. "चोवीस भागिले आठ," मी मोठ्यानं म्हणालो, "तीन ओहम." गल्लीतल्या जुन्या लांब तारेचा अडसर होता तो. दादाच्या हातात नसलेला. आठ अँपिअर जाताना जवळजवळ दोनशे वॅट नुसती ती तार तापवण्यात जात होते. आणि माझा स्टॅबिलायझर आत व्होल्टेज चढवायला त्याच तारेतून आणखी करंट ओढत होता. दादाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. आयुष्यभर प्रत्येक उत्तर माझ्याकडून वदवून घेणाऱ्या माणसानं हा एक प्रश्न मला विचारलाच नाही.

"म्हणजे बाकीचे दिवस त्यानं कूलरवरच काढले?" मी विचारलं. "मग मी त्याला काय दिलं, वहिनी?"

"ते मला नाही कळत," वहिनी म्हणाल्या. "पण रविवारी सकाळी उठले की आधी कपाटातून शाल काढून ठेवायचे. मी चिडवायची, बाहेर लू चाललीय आणि तुम्हाला शाल? तर म्हणायचे, सुध्या येतोय, आज थंडी आहे."

मी एसी बंद केला. दिवा उजळला. फ्रिज चालू करून वहिनींनी कूलर लावला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. खुर्चीच्या पाठीवर शाल तशीच होती. भर उकाड्यात ती मी अंगावर घेतली आणि बसलो... त्या दिवशी घड्याळाकडे बघितलं नाही.