अंबूबाईचं पित्त

विंझरमधलं निम्मं गाव अंबूबाईच्या पायांवर पालथं पडून न्हालंय. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं, हे तिचं तीस वर्षांचं काम, आणि त्याचा तिला भारी तोरा.

अशा बाईच्या बोटांच्या बेचक्यांत कार्तिकात बारीक पुरळ उठलं. मग मनगटावर, मग बेंबीभोवती. खाज अशी की जीव नकोसा व्हावा, आणि अंथरुणात शिरलं की दुप्पट. अंबूबाईनं निदानही स्वतःच केलं, "पित्त उठलंय!" आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं आणि घोंगडी पांघरून बसली. पित्तावर घोंगडी, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. महिना झाला तरी पित्त उतरेना. नवरा गेनबाही खाजवायला लागला, तर ही म्हणे शेरडांमुळं. घ्या!

हे पित्त नव्हे, लागट काहीतरी आहे, अशी शंका तिला आली नव्हती असं नाही. पण बोलणार कोण? हातांवरच पोट आणि हातांवरच नाव. वाटेनं बोटं पदराखाली झाकून ती रोज मंगलच्या घरी जात राहिली. मंगलची सून कोमल, तिचं बाळ अडीच महिन्यांचं होतं.

एका सकाळी तेल लावताना बाळाच्या तळपायाला तसलेच फोड दिसले. तळहातालाही. अंबूबाईनं आपल्या बोटांकडं पाहिलं.

"उष्णता असंल," मंगल घाईघाईनं म्हणाली.

"राती लई रडतंय हो मावशी," कोमल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कापूरहोळला गाडी बदलून ती भोरला गेली. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून हात पाहिले. "आजी, पित्ताच्या गांधी काही तासांत विरतात. ही खरूज आहे. बारीक किडा कातडीत घर करतो, अंगाला अंग लागून पसरतो, पांघरुणातूनही. घोंगडीनं बरं व्हायचं नाही." मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आठवड्यानं पुन्हा. कपडे गरम पाण्यात धुवायचे, घोंगडी पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवायची. खाज मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळेल, घाबरायचं नाही. "तान्ह्या मुलाला हे मनानं लावू नका, त्याला घेऊन या. कुणी आहे का तान्हं जवळ?"

"न्हाई," अंबूबाई म्हणाली. म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली.

परतीच्या गाडीत तिला बसवेना. फोड चिघळून बाळाला ताप भरला तर? आणि सांगावं, तर पुन्हा कोणती आई आपलं मूल या हातात देईल? विंझरला उतरली ती घरी न जाता थेट मंगलच्या ओट्यावर गेली.

कोमलनं सवयीनं बाळ पुढं केलं. अंबूबाईनं हात मागं घेतले.

"नगं देऊस. मला खरूज झालीया, म्हैनाभर झाकून ठिवली. म्याच आनली तुमच्या घरात. बाळाला आजच डाक्टरला दाव."

आता मंगल चार शिव्या घालणार, हाकलणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. पण मंगल तिच्याजवळ आली. तिनं बांगड्या वर सारल्या. मनगट खाजवून खाजवून सोललं होतं.

"तुजं न्हाई गं. माजं नवरात्रापास्नं हाय. तुजी घोंगडी मागून न्हेली हुती न्हवं, दिवाळीत परत दिली, ती ह्याच्यासाठीच. पित्त म्हनून. दिसभर बाळ माज्याच मांडीवर. सांगितलं तर नातवाला हात लावू देनार न्हाईत, म्हनून गप बसले."

खोटं कशाला बोला, अंबूबाईला क्षणभर हायसं वाटलं.

कोमलनं बाळ छातीशी आवळलं. एकदा सासूकडं पाहिलं, एकदा मावशीकडं.

"दोगींनाबी ठावं हुतं," ती म्हणाली. "मग रोज न्हाऊ घातल्यावर मीठ-मिरच्या ववाळून दिष्ट कुनाची काढत हुता?"