पूजेनंतरची खडखड

माझी नवी नोकरी, जर्मनीत आम्ही राहतो त्या रेगेन्सबर्गपासून लांबच्या एका खेड्यातल्या प्रयोगशाळेत होती. तिथे दिवसातून दोन बस जायच्या आणि सकाळची पोचेपर्यंत माझं काम सुरू होऊन बराच वेळ झालेला असणार होता. मुलाखतीत प्रयोगशाळेच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, गाडी चालवता ना? मी हो म्हणून मोकळी झाले. खोटं नव्हतं ते. लायसन्स होतं. दोनदा नापास होऊन रडतखडत मिळवलेलं होतं आणि त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, एवढंच.

मग माझ्यासाठी म्हणून एक जुनी छोटी निळी गाडी घेतली. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दारात गाडी आली आणि पूजा नाही, हे त्यांना चालणं शक्यच नव्हतं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, खालच्या मजल्यावरचे म्हातारे शेजारी खिडकीतून टक लावून बघत असताना, त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. विड्याची पानं मिळाली नव्हती, म्हणून काचेपाशी मूठभर तांदूळ ठेवून त्यावर सुपारीचा गणपती मांडला. नारळ फोडायचा बेत मी हाणून पाडला, पण चाकांखाली लिंबं आलीच. एवढ्यात शेजाऱ्यांना उदबत्तीचा धूर खुपला आणि त्यांनी खिडकीतूनच काहीतरी विचारलं. सगळ्यांचीच घाई झाली. लिंबं चिरडायचा मान अर्थातच माझा. मी पाय जरा जास्तच दाबला, गाडीने उडी मारली आणि पुढचं चाक दणकन फुटपाथच्या कडेवर चढलं.

नवऱ्याने वाकून चाक बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. कुंकवाने रंग धरू नये म्हणून मी लगेच बॉनेट पुसून काढलं. वर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, सुपारी कुठे गेली गं? मी म्हटलं, पडली असेल आई तिथेच कुठेतरी. त्यांनी डब्यातून दुसरी काढली, देवापुढे ठेवली आणि त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

खडखड त्याच संध्याकाळी सुरू झाली. गावाच्या जुन्या भागातल्या दगडी रस्त्यावर तर डब्यात खडा टाकून कुणी हलवावा तशी. थांबलं की बंद. पुन्हा निघालं की टक्, खर्रर्र, टक्. नवरा कार कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्या कामाचा संबंध फक्त दारांच्या रबराशी येतो, पण हे त्याच्या आईला सांगायची सोय नाही. त्याने ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, सीटखाली हात घातले, डॅशबोर्डच्या फटीत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या, फोनवर आवाज रेकॉर्ड करून जेवताना ऐकवला. शेवटी चेहरा गंभीर करून म्हणाला की त्या दिवशीच्या दणक्यात चाकाजवळचा एखादा जोड सैल झाला असणार. पुढे 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', असंही जर्मनमध्ये म्हणाला, स्वतःच्याच वाक्याला. वर्कशॉपमध्ये गाडी वर उचलून, चाकं गदागदा हलवून बघितली. काही सापडलं नाही. वर टांगलेली गाडी वाजतच नव्हती, तर सापडणार काय कपाळ?

पण माझ्या डोक्यात ते वाक्य बसलं ते बसलंच. मी गाडी मोडली. नुकती घेतलेली गाडी, पहिला दिवस, पाच हातांवर जाऊन मोडून ठेवली. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, ट्रकच्या शेजारी चाक निखळलं तर, या विचाराने मी चालवायचं थांबवलं. घरातही कुणी आग्रह केला नाही. सासूबाई म्हणायच्या, तूच चालव रे, तिला कशाला त्रास. त्याआधी मी चालवत असले की मागच्या सीटवर त्यांची रामरक्षा सुरू व्हायची. तो असला की गवारीचे भाव. मला याचा भयंकर राग यायचा आणि त्याहून जास्त राग यायचा तो त्यांचं बरोबर आहे असं वाटण्याचा.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या रविवारी मी नकाराचा मेल लिहून ठेवला. उद्या सकाळी पाठवू म्हटलं. नवरा तापाने आडवा झाला होता. सासूबाई कॉफी प्यायला स्वयंपाकघरात आल्या, माझं तोंड बघितलं आणि काय झालं ते काढून घेतलं. मग म्हणाल्या, नोकरी नको वाटत असेल तर सोड, पण त्या खडखडीपायी सोडू नकोस. चल, मी शेजारी बसते. मला वाटलं, चेष्टा करतायत. त्या चपला घालून दारात उभ्या होत्या.

रविवारी इथे दुकानं बंद. सुपरमार्केटचं पार्किंग मोकळं पडलेलं असतं, अंगणासारखं. मी तिथे गोल गोल फिरवायला लागले. सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि कान डॅशबोर्डला लावला. रामरक्षा नाही, काही नाही. डावीकडे वळव म्हणाल्या. वळवली. आता उजवीकडे. पुन्हा डावीकडे, जरा जोरात. मी जोरात वळवली आणि त्या वेळी मलाही ऐकू आलं. आवाज एका जागी नव्हताच. वळताना तो काचेखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होता. सैल झालेला जोड असा हिंडत नाही. काहीतरी गोल होतं आणि ते घरंगळत होतं.

मी ब्रेक दाबला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"सुपारी," सासूबाई म्हणाल्या.

बॉनेट उघडलं. वायपरच्या खाली पाणी वाहून जायला एक पन्हळ असते, तिच्यात वाळक्या पानांचा गाळ साठला होता, त्यात फुगलेले तांदूळ, आणि एका कोपऱ्यात, कुंकू धुऊन गेलेला, गणपती. गाडीने उडी मारली तेव्हाच तो आत गेला असणार. म्हणजे खडखड माझ्यामुळेच होती, पण मोडलं काहीच नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच टायरला टेकून बसले.

सासूबाईंनी सुपारी पदराने पुसली. पुसतच राहिल्या.

"मला वाटलं, तू पुसताना कचऱ्यात टाकलीस," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मनात धरून होते मी."

"आणि मला वाटलं, मी गाडी मोडली."

"तुला तसं वाटू दिलं आम्ही," त्या म्हणाल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घरी जायला निघालो, तर पार्किंगच्या तोंडाशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तुझं ऑफिस कुठे आहे ते दाखव म्हणाल्या. मी म्हटलं, आई, ऑटोबानने जावं लागेल. मग जाऊ की, म्हणाल्या आणि सुपारी मुठीत धरून सरळ बसल्या.

गाडी मुळीच वाजत नव्हती. मी ट्रकच्या मागे राहिले, मग धीर करून त्याच्या शेजारून पुढे गेले. शेजारून रामरक्षा येईल म्हणून मी वाट बघत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताप उतरून जागा झालेला माझा नवरा विचारत होता, तुम्ही दोघी आहात कुठे, आणि गाडी कोण चालवतंय?

"सून चालवते आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिचं लक्ष विचलित करू नकोस. ठेव फोन."