उसन्या दस्तारीचा रुबाब

निजामाच्या राज्यात साहेब किती मोठा आहे हे कचेरीच आधी सांगायची. आमच्या तालुक्याची कचेरी चांगली उंच जोत्यावर बांधलेली. पायऱ्या चढता चढता माणसाला धाप लागायची आणि मान आपोआप खाली जायची. साहेबाला वेगळा दरारा दाखवायचं काम उरत नसे. माझे वडील तिथल्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मास्तर. ते तर दारावरच्या चपराशालाही वाकून सलाम करायचे.

एका वर्षी बडे साहेब दौऱ्यावर यायचे ठरले. कचेरीला रस्त्याच्या अंगानं चुना लागला. मागची भिंत ढासळली होती ती तशीच राहिली. माणसांनाही तोच न्याय. शेरवानी, कमरेला चकचकीत पट्टा आणि डोक्यावर दस्तार, म्हणजे आयती बांधलेली दरबारी पगडी, घालूनच हजर राहायचं असा हुकूम निघाला. वडिलांची नोकरी अजून कच्ची होती. साहेबांची मर्जी बसली तर पक्की, नाहीतर घरी.

मुरुम गावच्या एका व्यापाऱ्यानं आपला साज उसना दिला. त्याचं डोकं दांडगं. दस्तार वडिलांच्या कानांवर येऊन टेकली. आईनं आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, तरी जरा वाकलं की ती पुढं घसरायची.

"तुम्ही आपलं सरळ उभं ऱ्हावा," आई म्हणाली. "सायबाच्या पायावर पडली तर नोकरी गेलीच म्हणून समजा."

साहेबांच्या दरबाराच्या दिवशी मी कचेरीसमोरच्या लिंबाच्या पारावर उभी होते. साहेब आले तशी सगळी रांग कमरेत वाकली. एकटे वडील ताठ! हात तेवढा कपाळाला.

साहेब थांबले. "किस खानदान के हैं आप?"

भीतीनं वडिलांच्या तोंडून शब्द फुटेना. ते गप्प राहणंही खानदानी दिसलं असावं. शेवटी कागद घेऊन मागं उभा असलेला पेशकार, म्हणजे साहेबांचा कारकूनच, घाईनं म्हणाला, "मास्टर हैं, हुजूर."

"मदरसे को ऐसे ही लोग चाहिए. पक्का करो इनको," म्हणत साहेब पुढं गेले.

त्या दिवशी मला वडिलांचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. दुसऱ्या दिवशी हुकूम आणायला त्यांच्याबरोबर मीही गेले. त्यांच्या डोक्यावर नेहमीची टोपी होती. चपराशापुढं ते रोजच्यापेक्षा जास्तच वाकले. मला असा संताप आला की घरात पाऊल टाकताच मी आईला सांगून टाकलं.

"काल वाकला न्हाईत म्हणून तर पक्के झालात," आई म्हणाली. "मग आज कशापायी?"

"काल नोकरी पक्की कुठं होती?" वडील म्हणाले. "आता जपायला नगं व्हय?"