बिनखरखरीची गिटार

काय सांगू आणि कुठून सांगू! एवढी शोभा माझी आजवर कुणी केली नव्हती. आणि करून घेणारा कोण? मीच!

चंद्रपूरकडच्या मूल गावातल्या आमच्या नाटक मंडळीत मी गिटार वाजवतो. जुन्या गिटारीला खरखर फार. नायिका रडायच्या आधी माझी गिटार रडायची! ऑर्गनवर बसणारे सलीमभाऊ आमचे मास्तर. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की बिनखरखरीची गिटार आण, नाहीतर यंदा तुझी खुर्ची दुसऱ्याला.

खुर्ची जाते म्हणजे काय! तडक चंद्रपूर गाठलं आणि दुकानदाराला चार तास पिळलं. लावणी, गझल आणि भुताची एन्ट्री, सगळं एकाच गिटारीतून निघायला हवं होतं ना! शेवटी लो-नॉइज पिकअपवाली, म्हणजे तारांचा आवाज खरखरीशिवाय अ‍ॅम्पकडे पाठवणारी, एक निळी गिटार मिळाली. अ‍ॅम्प फुल केला, कान लावला, तर चिडीचूप! मी दुकानातच नाचलो.

घरी येऊन अ‍ॅम्पची वायर लावली. टक्… टक्… टक्… सेकंदाला एक!

दुसऱ्या दिवशी एसटीने परत दुकानात. तिथे गिटार गप्प. घरी आणली, टक्. पुन्हा दुकानात, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा मी असा काही भांडलो, की तो बिचारा माझ्याबरोबर घरीच आला.

त्याने टक् ऐकलं आणि उठून परसात गेला. भिंतीवरच्या एका डब्यात लाल दिवा त्याच तालात लुकलुकत होता.

"हे काय हाये भाऊ?"

"झटका मशीन. धानाच्या कुंपणात करंट सोडते. माकडं, रानडुकरं लई त्रास देतेत."

"लावली कोणं?"

मी चहा टाकायला आत पळालो. आता त्याला काय सांगू, की दिवसभर खपून मीच लावली म्हणून?

मशीन बंद केल्याबरोबर टक् बंद. मग काय विचारता! छाती फुगवून तालमीला गेलो आणि अख्खं गाणं वाजवलं. सलीमभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. मी विचारलं, कशी वाटली?

"गिटार एक नंबर हाये," ते म्हणाले. "पहिले खरखरीत तुया चुका झाकून जात होत्या. आता एकेक साफ ऐकू येऊन राह्यली."

खुर्चीचं काय, मी हळूच विचारलं.

"खुर्ची तुयीच हाये रे. फक्त अ‍ॅम्पची वायर नको लावत जाऊ."