शिव्यांच्या पेशी

सत्तर सालाच्या आसपास बालाघाटहून कटंगीला जाणाऱ्या बसमध्ये एक बाई नवऱ्याला बोलायला शिकवत होती. लकव्याने त्याची वाचा गेली होती. दोघं डॉक्टरकडून परतत होती.

हातातला पेरू त्याच्यापुढे धरून ती म्हणायची, "म्हना, पेरू."

तो घामाघूम व्हायचा, पण शब्द फुटत नव्हता. ती जराही न रागावता पुन्हा सांगायची.

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"मेंदूतल्या बोलाच्या पेशी मेल्या म्हने. शेजारच्या पेशींले आता थे काम शिकवा लागते."

एवढ्यात बस खड्ड्यात आदळली आणि त्या मुक्या माणसाने ड्रायव्हरला आईवरून एक खणखणीत शिवी हासडली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. आता भांडण होणार, असं मला वाटलं.

बाईच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं आणि ती हसत होती.

"शिव्यांच्या पेशी त जित्याच हायेत, भाऊ," ती मला म्हणाली. मग तिने ड्रायव्हरला हाक मारली, "भैया, अगला गड्ढा भी मत छोड़ना."

नवरा अर्ध्या ओठाने हसला. लुळ्या बाजूने ओघळलेली लाळ तिने पदराने पुसली.